बदलदूत बकाराम हत्तीमारे

बकाराम हत्तीमारे या नावाला शोभेल असं त्याच्या अंगात काहीच नव्हतं. हत्तीचं सोडा, गोठ्यातल्या वासरावरसुद्धा त्याने कधी हात उगारलेला कोणी पाहिला नव्हता. बावन्न वर्षांचा, काटकुळा, खांद्यावर कायम धानाच्या कोंड्याची बारीक पिवळी धूळ, आणि बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायची सवय. मुर्री गावात दोन एकर धानाची शेती, बायको प्रेमिला, गोंदियाच्या कॉलेजात जाणारी मुलगी खुशी, आणि घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर शेठजींची राइस मिल, असा त्याचा संसार. त्या मिलमध्ये तो सत्तावीस वर्षं मिस्त्री होता.

मिस्त्री म्हणून मात्र माणूस पक्का. धानाचे दोन दाणे दाताखाली फोडले की ओल किती आहे ते सांगायचा. शेजारचं ओल मोजायचं यंत्र मग तोच आकडा दाखवायचं. धान सोलणाऱ्या शेलरचा आवाज जरा बदलला की हातातली भाकर डब्यात टाकून उठायचा. पण हे ज्ञान त्याने तोंडाने कधी कोणाला सांगितलं नाही, शेठजींना तर नाहीच. सत्तावीस वर्षांत शेठजींशी तो जे काही बोलला त्यात "हो जी" आणि "नाही जी" यापलीकडे फारसं काही सापडलं नसतं.

शेठजींची पद्धतही साधी होती. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि तिथूनच ओरडायचं. मिलमध्ये काही नवं आणायचं झालं की आदल्या संध्याकाळी सांगायचे, "कल से ऐसा होगा." दुसऱ्या दिवसापासून तसं व्हायचं. जुन्या हलरच्या जागी रबरी शेलर आले तेव्हा असंच झालं. ज्याला जमलं तो शिकला, ज्याला जमलं नाही तो शिव्या खात शिकला. या पद्धतीला पुस्तकात काही नाव आहे हे शेठजींना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तोवर मिल बरी चालली होती.

घोळ झाला तो रायपूरच्या एका हॉटेलात. तिथे मिलमालकांचं संमेलन होतं. एका कोटवाल्या वक्त्याने सांगितलं, की आजकाल बदल लादून भागत नाही. कामगारांनी तो मनापासून स्वीकारायला हवा, आणि ते सगळं नेत्याच्या शैलीवर असतं. पनीर पकोड्याबरोबर शेठजींना हे पटलं. तांदळातले काळे-पिवळे दाणे वेचून काढणारी कॅमेऱ्याची मशीन त्यांना नाहीतरी घ्यायचीच होती. त्यांनी तिथूनच मशीनची ऑर्डर दिली, आणि सोबत शैली असलेला एक माणूसही शोधायला सांगितला.

तो माणूस मशीनच्या आधी आला. वीरेंद्र सर, नागपूरचे. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते कोणासाठी आहे हेच समोरच्याला कळू नये. हुद्दा जनरल मॅनेजर. मिल त्यांच्या हाती देऊन शेठजी आता दुपारीच तेवढी चक्कर मारायचे. आल्या आल्या त्यांनी शेठजींच्या ऑफिसातली जुनी तिजोरी हलवून तिथे चाकांवरचा पांढरा बोर्ड उभा केला आणि मांडववाल्याकडून सत्तर खुर्च्या मागवल्या.

गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. हमाल, शेलरवाले, ड्रायव्हर, आणि मागच्या शेडमध्ये सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या चौदा बाया, सगळ्यांना बसवलं. बायांनी चपला बाहेर काढल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. मिलमध्ये खुर्चीत बसायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"मी तुमचा बॉस नाही," सर दोन्ही हात पसरून म्हणाले, "मी तुमचा सहप्रवासी आहे."

"कोठी चाललो जी?" मागून एका हमालाने विचारलं.

सर खूश झाले. त्यांना वाटलं, प्रश्न खोल आहे. "बदलाकडे!" ते म्हणाले. "बदल म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? घाबरू नका. एका शब्दात सांगा."

 तेव्हा वच्छला उईके उभी राहिली. वच्छला म्हणजे निवडणाऱ्या बायांची मुख्य. माहेर चिचगडचं, लहानपणी जंगलात मोह वेचून, पाल्यातून टोळ, म्हणजे मोहाची फळं, हुडकून तयार झालेली नजर. चालत्या पट्ट्यावरचा एक काळा दाणा ती बोलता बोलता उचलायची. एका शब्दात बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"सर, मशीन येईन तं आमी चवदा जनी का करू?"

"उत्तम प्रश्न!" सर म्हणाले. "हा प्रश्न आपण पार्क करू या." त्यांनी एका पिवळ्या चिठ्ठीवर तो लिहिला आणि बोर्डाच्या कोपऱ्यात 'पार्किंग' लिहिलेल्या चौकोनात चिकटवला. वच्छला खाली बसली. तिने शेजारच्या रश्मीला विचारलं, "गाडी होय का ते, पार्क कराले?" रश्मीने पदर तोंडाला लावला.

त्याच सभेत सरांना एक विश्वासू माणूस हवा होता. "तुमच्यात सगळे कोणाला मानतात?" त्यांनी विचारलं. सगळे बकारामकडे बघू लागले, कारण मिलमध्ये कधीच कोणाविरुद्ध तोंड न उघडलेला तोच एक होता आणि त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. सरांनी त्याला पुढे बोलावून छातीवर निळा बिल्ला लावला. त्यावर पिवळ्या अक्षरात 'बदलदूत' लिहिलेलं होतं. टाळ्या झाल्या. बकारामच्या छातीवर याआधी पेनसुद्धा कधी लागलेलं नव्हतं.

घरी गेल्यावर त्याने सदरा काढलाच नाही. प्रेमिलाने दोनदा बघून शेवटी विचारलं, "का लिवलं हाये ते?"

"बदलदूत."

"म्हंजे?"

बकारामने घसा खाकरला. "म्हंजे... बदलाचा दूत."

"यमाचा रायते तसा?"

खुशी पुस्तकाआड हसली. बकाराम मात्र दुखावला. या घरात आपली किंमत नाही, असं त्याला प्रथमच वाटलं; आणि असं वाटण्याइतकी आपली किंमत वाढली आहे, याचं आतून थोडं बरंही वाटलं.

पुढचे दोन महिने मिलने नेतृत्वाच्या नाना शैली पाहिल्या. सर रविवारी एखादं पुस्तक वाचायचे आणि सोमवारी तसे वागायचे. एका सोमवारी ते सेवक-नेते झाले: हमालांना स्वतःच्या हाताने चहा वाटला. फोटो नीट येईपर्यंत चहा गार झाला आणि हमालांनी तो तसाच प्यायला. पुढच्या सोमवारी लोकशाही आली: मशीन आणावी की नाही यावर चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं. मशीन तेव्हा आवारात ताडपत्रीखाली उभी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी सरांनी सगळ्यांना डोळे मिटून दहा वर्षांनंतरची मिल पाहायला सांगितलं. दोन हमालांना गाढ झोप लागली, आणि सरांनी त्यांच्या एकाग्रतेचं कौतुक केलं.

या सगळ्यात कामाची गोष्ट एकच होती आणि ती सगळ्यांना लवकर कळली. बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल चेहरा चिकटवलेला असे. हिरवा हसरा म्हणजे बदलाला पाठिंबा, पिवळा म्हणजे काठावरचा, लाल म्हणजे विरोधक. जो प्रश्न विचारी तो लाल व्हायचा. लाल झालेल्याला सरांच्या थंडगार केबिनमध्ये चाळीस मिनिटं 'संवाद' करावा लागायचा. तिथून बाहेर आलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "शिव्या देत तं बरं होतं. दोन मिनिटात सुटलो असतो." आठवड्याभरात बोर्ड हिरवागार झाला. लाल चेहरा एकच उरला, वच्छलाचा. केबिनमध्ये बोलावलं तर ती म्हणायची, "सूप भरलं हाये सर, मंग येतो," आणि जायची नाही.

मशीन बसली. कॅमेरे, काच, आणि आतून हवेची बारीक फुंकर मारून खराब दाणा बाजूला उडवणाऱ्या नळ्या. बायांनी तिचं नाव 'डोरेवाली', म्हणजे डोळेवाली, ठेवलं. ती बसवायला गुड्डू मिस्त्री आला होता, चाळिशीचा, मिशाळ, कायम घाईत. त्याने जाड तांदळावर मशीन लावून दाखवली आणि विचारलं, "सिखाना किसको है?"

"आधी मानसिकता, मग कौशल्य," सर म्हणाले, आणि पडद्यावर पासवर्ड टाकून सेटिंग कुलूपबंद केली. कोणी वाटेल तसं बोट लावू नये म्हणून.

गुड्डूने खांदे उडवले. जाताना बकारामला म्हणाला, "भैया, बारीक चावल आयेगा तो सेटिंग बदलना पडेगा. नहीं तो ये अंधी है."

डिसेंबरात नवं बारीक धान आलं आणि डोरेवाली खरंच आंधळी झाली. काळे दाणे सरळ पोत्यात, आणि चांगला तांदूळ फुंकरीने बाहेर. बकारामने पहिली मूठ तळहातावर पसरली. तो केबिनच्या दाराशी गेला, दोनदा खाकरला.

"सर, ते मशीन जरा..."

"बकारामजी!" सरांनी हात जोडून त्याला थांबवलं. "माझ्याकडे प्रॉब्लेम घेऊन यायचं नाही. सोल्यूशन घेऊन यायचं. तुम्ही कोण आहात?" आणि त्यांनी बोटाने हलकेच बिल्ल्यावर टिचकी मारली.

बाहेर बोर्डावर बकारामचा चेहरा हिरवा होता, पहिल्याच ओळीत. त्या चेहऱ्याकडे बघत तो थोडा वेळ उभा राहिला. एक फोन गुड्डूला केला असता तर काम झालं असतं. पण पासवर्ड सरांकडे, आणि पासवर्ड मागायचा म्हणजे प्रॉब्लेम सांगायचा. तो मागच्या शेडकडे वळला.

"बाई, एक काम होतं."

वच्छलाने सूप खाली न ठेवताच विचारलं, "मशीनले दिसून नाही रायलं न?"

"तुमाले कसं मालूम?"

"आमाले बी डोरे हायेत, भाऊ. साहेबाले काऊन नाही सांगत?"

"सांगाले गेलतो. त्यायनं म्हटलं, सोल्यूशन घेऊन ये."

"अन् मी का तुमचं सोल्यूशन होय?"

 वच्छलाने सूप दोनदा झटकलं. मशीन आल्यापासून चौदा जणींना झाडझूड आणि पोती घड्या करायचं काम होतं. ते किती दिवस टिकेल हे तिला कळत होतं.

"साहेब किती वाजता येते?"

"साडेदहाले."

"सात वाजता येऊ आमी. पोत्यायचे तोंड शिवू नोका. तुमच्या बिल्ल्यासाठी नाही करत, भाऊ. हातचं काम हातात राहावं म्हनून करतो."

मग ते सुरू झालं. दुपारी मशीन थाटात चालायची, सर पाहुण्यांना ती दाखवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चौदा बाया तोच तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडायच्या, बाजूला उडवलेला चांगला तांदूळ परत मिसळायच्या, आणि साडेदहाला सरांची गाडी फाटकात शिरेपर्यंत पोती शिवून, केर काढून, हातात झाडू घेऊन उभ्या असायच्या. नमुना शिवलेल्या पोत्यातूनच काढला जाई. तांदूळ मोत्यासारखा. सरांच्या रिपोर्टात शुद्धतेची रेघ जी वर चढली ती उतरेना.

चार महिने हे चाललं. बकारामला सुरुवातीला धाकधूक वाटायची. पुढे सवय झाली, आणि सवयीच्या पुढे गेल्यावर हे सगळं आपल्यामुळेच चाललंय असं वाटू लागलं. तो हमालांना सांगू लागला, "पॉझिटिव्ह राहाचं." सरांनी पाठिंब्याचा सर्व्हे घेतला तेव्हा फॉर्म भरायचं काम त्याच्याकडेच आलं. 'बदलाला माझा पाठिंबा आहे' या वाक्यापुढे त्याने एका बैठकीत बासष्ट वेळा 'पूर्णपणे'वर खूण केली. त्यात एक हमाल दिवाळीलाच मिल सोडून हैदराबादला गेलेला होता. त्याचाही पूर्ण पाठिंबा मिळाला. वच्छलाचा फॉर्म मात्र त्याने सगळ्यात शेवटी ठेवला. मग तोही भरला.

शंभर टक्के पाठिंबा पाहून शेठजी चकित झाले. त्यांना घरातसुद्धा इतका मिळत नसे. गोंदियातल्या एका हॉलमध्ये कुठल्याशा मंडळाने वीरेंद्र सरांना 'परिवर्तन नेतृत्व' पुरस्कार दिला. काचेची जड वस्तू होती, ज्योतीसारखी. सर विश्वासावर पंधरा मिनिटं बोलले: माणसाला बोलतं केलं की तो बदलतो, वगैरे. मग त्यांनी बकारामला माईकसमोर उभं केलं. बकाराम दोनदा खाकरला. स्पीकरमधून तो आवाज हॉलभर घुमला. "मशीन चांगली हाये," तो म्हणाला. "सर बी चांगले हायेत." सर्वांत जास्त टाळ्या याच भाषणाला पडल्या.

आणि मग शेठजींनी सरळ हिशेबाचा प्रश्न केला. मशीन एवढी उत्तम निवडते, तर निवडणाऱ्या चौदा बाया अजून मिलमध्ये का?

सरांकडे यालाही शैली होती. कामावरून काढायचं नाही, 'नव्या संधींचा उत्सव' करायचा. प्रत्येकीला स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र. तारीख ठरली, महिनाअखेर. "आणि ही गोष्ट तुम्हीच सांगा, बकारामजी," सर म्हणाले. "आपल्या माणसाकडून ऐकलं की त्रास कमी होतो."

त्या रात्री बकाराम जेवला नाही. सकाळी शेडमध्ये गेला आणि बायांसमोर उभा राहिला. डब्याचं सांगितलं, प्रमाणपत्राचं सांगितलं, आणि शेवटी जे सांगायचं होतं ते इतक्या हळू सांगितलं की रश्मीला "का म्हनता जी?" असं विचारावं लागलं. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

 वच्छलाने सूप खाली ठेवलं.

"तुमी त्यायले सांगतलं का, हा तांदूळ कोन निवडते ते?"

"नाही."

"काऊन?"

बकारामचा हात बिल्ल्याकडे गेला.

"मी तं म्हनत होतो, भाऊ घाबरते म्हनून बोलत नाही," वच्छला म्हणाली. "पन तुमी घाबरत नोयते. तुमाले गोड लागून रायलं होतं. आमचे हात, मशीनचं नाव, अन् तुमच्या छातीवर बिल्ला." ती उठली. सूप भिंतीला टेकवून ठेवलं. "महिनाभर कायले थांबाचं? आजपासूनच उत्सव समजा."

चौदा बाया फाटकातून बाहेर पडल्या. चौकीदाराने विचारलं, आज लवकर? रश्मी म्हणाली, "नवी संधी आली जी."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शेठजींनी आजूबाजूच्या पाच मिलमालकांना मशीन पाहायला बोलावलं होतं. मशीन चालली, दिवे लुकलुकले, सर बोलले. शेठजींनी सवयीप्रमाणे पोत्यात हात घातला आणि मूठ पाहुण्यांसमोर उघडली. पांढऱ्या तांदळात काळे दाणे असे दिसत होते की एका पाहुण्याने विचारलं, "इसमें उडद मिलाते हो क्या?"

शेठजींचा चेहरा लाल झाला, बोर्डावरच्यापेक्षा लाल. "ये क्या है?"

सर क्षणभरही अडखळले नाहीत. "शेठजी, हा बदलाला होणारा छुपा विरोध आहे. कोणीतरी मुद्दाम मिसळलंय. मला शंका होतीच. त्या बायका..."

बकाराम खाकरला. यावेळी एकदाच.

"कोनी नाही मिसळलं जी."

सगळे त्याच्याकडे वळले. शेठजींना आधी आवाज कोणाचा तेच कळलं नाही.

"मशीन असाच तांदूळ देते. डिसेंबरपासून. सकाळी सात वाजता बाया निवडत होत्या अन् मी पोते शिवत होतो. नमुना त्यायच्या हातचा होता. रिपोर्ट बी त्यायच्या हातचा. फारम मी भरले, सगळेचे सगळे."

"बकारामजी, तुम्ही माझ्याशी कधी मोकळेपणाने..." सर सुरू झाले.

"आलतो जी मी. तुमी म्हटलं प्रॉब्लेम आनू नोका. नाही आनला."

त्यानंतर शेठजी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाच पाहुण्यांसमोर, हिंदीत, पाच मिनिटं. पहिली दोन बकारामच्या वाट्याला आली, उरलेली तीन सरांच्या. बकारामला ते ऐकताना छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. दम संपल्यावर शेठजींनी विचारलं, "मशीन बोगस है क्या?"

"नाही जी. बारीक तांदरावर लावलीच नाही. लावाची तं दानाच ओळखनारं मानूस पायजे तिच्यापाशी. मले शेलर समजते, पन दाना वच्छलाबाईले समजते."

वच्छलाला आणायला बकाराम सायकलने गेला. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"कोनं बलावलं?"

"शेठनं." तो सायकलवरून उतरला. "मी बी."

"या तुमी. मी चालत येतो." ती आली, पण मुद्दाम तासभर उशिरा. आल्यावर मशीनकडे न जाता ती सरळ प्लास्टिकच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"किती जनी ठेवता ते पहिले सांगा."

"पहले चला के दिखाओ," शेठजी म्हणाले.

"पहिले सांगा."

शेठजींनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. मग म्हणाले, पाच. वच्छला म्हणाली, दहा. शेठजी म्हणाले, मशीन विकत घेतली आहे, शोभेला नाही ठेवली. पाच म्हणजे पाच. घासाघीस झाली, आवाज चढले, पण ते पाचच राहिले. निदान हे तोंडावर सांगितलं गेलं, बोर्डाच्या कोपऱ्यात चिकटवलं गेलं नाही.

गुड्डू आला. त्याने पासवर्ड विचारला. सरांनी त्याच्या कानात सांगितला, आणि गुड्डूला एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायची सवय होती. 'लीडर नंबर वन' हे सगळ्यांनी ऐकलं. हमालांपैकी कोणी हसलं नाही; तेवढी सभ्यता त्यांनी सरांच्याच सभांमध्ये शिकली होती.

वच्छलाने काळं फडकं पसरलं आणि त्यावर दाण्यांच्या छोट्या छोट्या ढिगल्या मांडल्या. "हा कारा, हा काढाचा. हा डागी, हा बी काढाचा. हा पिवरा दिसते, पन जुन्या धानाचा हाये, राहू दे याले. हा पोटात पांढरा, शिजल्यावर समजत नाही." गुड्डू एकेक दाणा कॅमेऱ्याला दाखवून आकडे लावत गेला. काचेवर कोंड्याची धूळ बसली होती. तीही वच्छलालाच आधी दिसली. "पुसत नाही का कोनी हिचे डोरे?" दुपारी चारला मशीनखालची मूठ उघडली तेव्हा त्यात एकच काळा दाणा होता, आणि तो वच्छलाने बोलता बोलता उचलला.

पुढे वीरेंद्र सर महिनाभरात गेले. काढलं नाही त्यांना. रायपूरला याहून मोठ्या कंपनीत, याहून मोठ्या पगारावर गेले. खुशीने एकदा मोबाइलवर त्यांचं भाषण दाखवलं. मागच्या पडद्यावर मशीनसमोर उभ्या वच्छलाचा फोटो होता आणि सर सांगत होते, एका ग्रामीण महिलेतलं नेतृत्व आपण कसं जागं केलं. बकारामने ते वच्छलाला सांगितलं. तिने विचारलं, "फोटोत पदर नीट होता का?"

शेठजी पुन्हा फाटकाजवळच्या खुर्चीत आले. आता ते "कल से ऐसा होगा" म्हणाल्यावर क्षणभर थांबून "चलेगा?" असंही विचारतात. उत्तराची वाट पाहत नाहीत, पण एकदा विचारतात. मशीनवर वच्छलाचा शब्द चालतो. तिची पद्धत अशी, की आधी काम कोणाकोणाचं जाणार ते सांगायचं आणि मग काम सांगायचं. तिच्या नावापुढे हजेरीत अजून 'हेल्पर'च लिहिलेलं असतं. बकारामने ते बदलून घ्यायला दोनदा शेठजींकडे तोंड उघडलं. दोन्ही वेळा शेठजींनी "देखेंगे" म्हटलं.

राहिल्या नऊ जणी. काही कॅटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटायला लागल्या, काही रोजीने शेतात. रस्त्यात भेटल्या की बकाराम सायकलवरून उतरायचा. बऱ्याच जणी बोलायच्या, एक-दोघी बघून न बघितल्यासारखं करायच्या. जुलैत त्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, रोपं लावायची रोवणी आली. गावात रोवणाऱ्या बाया मिळेनात, तेव्हा प्रेमिला म्हणाली, "मिलच्या बायायले जाऊन इचारा. अन् तो बिल्ला लावून जाऊ नोका."

तो त्या नऊ जणींतल्या रश्मीकडे गेला. तिने पूर्ण एक दिवस उत्तर दिलं नाही. मग निरोप पाठवला: येतो, पण आठच्या आधी नाही, आणि दुपारचा चहा शेतावर पाहिजे. नऊ जणी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. बकाराम गुडघाभर चिखलात रोपांच्या पेंढ्या घेऊन उभा होता.

"का मिस्त्री," रश्मी लुगडं खोचत म्हणाली, "आता बांधीत उतराचं, का पहिले मीटिंग घेता?"

बाया मोठ्याने हसल्या.  बकारामने हातातली एक पेंढी तिच्या दिशेने फेकली. ती लांब, पाण्यात पडली.

"फेकू नोका तिकडून," रश्मी म्हणाली. "जवर आनून द्या."

तो चिखल तुडवत तिच्याजवळ गेला आणि दुसरी पेंढी तिच्या हातात दिली.